तबकडीच्या दोन बाजूंत मावलेला गायक

नाशिकमध्ये जन्मलेले आणि वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी काळाच्या पडद्याआड गेलेले पं. दत्तात्रेय विष्णू पलुस्कर आजच्या पिढीला ठाऊक आहेत ते प्रामुख्याने भजनांमुळे. ग्वाल्हेर घराण्याचा हा तेजस्वी ख्यालगायक मात्र तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या, आकाशवाणीची ध्वनिमुद्रणे आणि जुन्या मैफलींच्या फितींमध्ये विखुरलेला राहिला. या विखुरलेल्या स्वरधनातून उभे राहणारे बापूरावांचे हे चरित्र.

ग्रामोफोनच्या जमान्यात गायकाची कीर्ती तबकडीवर स्वार होऊन गावोगाव पोहोचत असे. तबकडीला दोन बाजू असत आणि लोकांना आवडलेली बाजू सुईच्या घर्षणाने झिजून पांढुरकी पडे. दुसरी बाजू बहुधा काळीभोर आणि नवी दिसत राही. पाश्चात्य देशांत या दुसऱ्या बाजूला 'बी साइड' म्हणतात. तेथील रॉक संगीताच्या चाहत्यांमध्ये अशा दुर्लक्षित गीतांचे संग्रह मोठ्या आस्थेने ऐकले जातात. 'आर. ई. एम.' या अमेरिकी बँडने १९८७ मध्ये आणि 'निर्वाणा'ने १९९२ मध्ये असे संग्रह प्रसिद्ध केले, तेव्हा गाजलेल्या गाण्यांआड दडलेला कलावंत श्रोत्यांना नव्याने भेटला. आपल्याकडे अशा ऐकण्याची खरी गरज ज्यांच्या बाबतीत आहे, त्यांत डी. व्ही. पलुस्कर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

पंचवटीच्या छायेत

दत्तात्रेय यांचा जन्म २८ मे १९२१ रोजी नाशिक येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. सांगलीजवळच्या पलूस गावचे म्हणून ते पलुस्कर झाले. वडील पं. विष्णू दिगंबर पलुस्कर हे तोवर देशभर कीर्ती पावलेले होते. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्मलेल्या विष्णू दिगंबरांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी ग्वाल्हेर परंपरेची तालीम घेतली आणि पुढे १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. राजदरबार आणि कोठ्या यांच्यापुरते उरलेले संगीत मध्यमवर्गीय घरांत सन्मानाने नेण्याचे कार्य या संस्थेने केले. पाठ्यपुस्तके, स्वरलिपी, परीक्षा, पदव्या, तिकीट लावून होणाऱ्या मैफली या आज स्वाभाविक वाटणाऱ्या गोष्टींमागे त्यांचे अथक परिश्रम आहेत.

या परिश्रमांची किंमतही मोठी होती. मुंबईत विद्यालयाची इमारत उभारण्यासाठी काढलेले कर्ज फिटले नाही आणि १९२० च्या दशकात ती वास्तू हातची गेली. तोवर विष्णू दिगंबरांची वृत्ती रामभक्तीकडे पूर्णपणे वळली होती. नाशिकच्या पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम उभारला आणि रामायणावरील प्रवचने, भजने व शिष्यांचे अध्यापन यांत ते रमले. राष्ट्रीय चळवळीच्या व्यासपीठांवर आणि पुढे घरोघर पोहोचलेल्या रामधुनेची परिचित चाल त्यांच्याच नावाशी जोडली जाते.

अनेक अपत्ये अकाली गमावलेल्या या दाम्पत्याच्या घरी दत्तात्रेय वाढला. गोदावरीचा काठ, काळाराम मंदिराचा परिसर, रामनवमीचा उत्सव आणि आश्रमातील अखंड नामस्मरण हे त्याच्या कानांवर पडलेले पहिले संस्कार. याच पंचवटीत १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दत्तात्रेय नऊ वर्षांचाही नव्हता. भक्ती आणि तिच्या दारातला संघर्ष, दोन्ही एकाच परिसरात घडत होते.

वडिलांकडून विद्येचा आरंभ झाला, पण तो पुरा होण्याइतका अवधी नियतीने दिला नाही. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे विष्णू दिगंबरांचे निधन झाले. दत्तात्रेय त्या वेळी दहा वर्षांचा होता. वडिलांनी संपत्ती म्हणावी असे मागे काही ठेवले नव्हते. उरले होते ते नाव आणि शिष्यांचा प्रचंड गोतावळा.

नावाचे छत्र, नावाचे ओझे

हा गोतावळाच बापूरावांचे विद्यापीठ ठरला. विष्णू दिगंबरांच्या शिष्योत्तमांपैकी पं. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि गुरुपुत्राच्या शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. पं. नारायणराव व्यास यांचेही मार्गदर्शन लाभले. कुटुंबातील चिंतामणराव पलुस्कर यांनी तालीम दिली, तर बाळकृष्णबुवांचे शिष्य मिराशीबुवा यांच्याकडून जुन्या ग्वाल्हेर गायकीचा खजिना मिळाला. वडिलांनी ज्या गुरूकडून विद्या घेतली, त्याच गुरूच्या दुसऱ्या शिष्याकडून ती पुत्रापर्यंत पोहोचली, हा योग विलक्षण म्हणावा लागेल.

या शिक्षकांची निवड बापूरावांच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. विनायकराव हे शिस्तीचे, लयीवर पक्की हुकमत असलेले आणि तराण्यासाठी विख्यात असे गायक. संगीत रंगभूमीवर गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी भूमिका केल्या होत्या. नारायणराव व्यास हे ध्वनिमुद्रिकांच्या युगातील अतिशय लोकप्रिय कलावंत. त्यांची ख्यालगायनाची व भजनांची मुद्रणे घरोघर वाजत. मैफलीतला दीर्घ ख्याल तबकडीच्या मर्यादेत कसा बसवावा, याचा वस्तुपाठ बापूरावांना अशा रीतीने घरातच मिळाला.

१९३५ मध्ये जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात चौदा वर्षांच्या दत्तात्रेयाने पदार्पण केले. पंजाबात विष्णू दिगंबरांचे नाव आदराने घेतले जाई. लाहोरचे दिवस विसरलेले नव्हते. श्रोत्यांच्या मनात वडिलांची बुलंद छबी असताना कोवळ्या मुलाने समोर बसून गाणे ही परीक्षाच होती. थोरांच्या मुलाला दाद लवकर मिळते, मात्र तुलना त्याहून लवकर सुरू होते. बापूरावांनी वडिलांची नक्कल करण्याचा मार्ग पत्करला नाही. वडिलांचा आवाज त्यांना दहाव्या वर्षापर्यंतच ऐकायला मिळाला होता. नक्कल करण्याइतके ते ऐकणे पुरेसेही नव्हते. त्यांच्या गळ्याचा धर्मच वेगळा होता. तो गोड, पारदर्शक, तिन्ही सप्तकांत सहज फिरणारा आणि तानेत विजेसारखा होता. ग्वाल्हेरचा पाया सोडायचा नाही आणि इतर घराण्यांतील सौंदर्यस्थळांकडे दारही लावून घ्यायचे नाही, अशी भूमिका त्यांनी स्वीकारलेली त्यांच्या गाण्यातून दिसते. त्यामुळे परंपरेचा अभिमान आणि नवतेची ओढ यांचा सुरेख मेळ त्यांच्या गायनात साधला गेला.

साडेतीन मिनिटांची मैफल

बापूरावांची पहिली तबकडी १९४४ मध्ये निघाली. त्या वेळी भारतातील ध्वनिमुद्रणाला चार दशके उलटून गेली होती. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांच्या गायनाची मुद्रणे झाली, तेव्हापासून वेळेचे बंधन मात्र फारसे सैल झाले नव्हते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन ते साडेतीन मिनिटे मावत. प्रत्येक बाजूनंतर फोनोला चावी द्यायची आणि पोलादी सुई बदलायची, असा तो सोहळा असे. मैफलीत तास-तासभर फुलणारा राग एवढ्या अवकाशात मांडायचा म्हणजे सागर रांजणात भरण्यासारखे होते.

अनेक मोठ्या गायकांना हे बंधन जाचले. काहींनी मुद्रणाला नकार दिला, काहींनी घाईघाईत तानांचा वर्षाव करून वेळ भरून काढला. बापूरावांचे वेगळेपण येथे दिसते. ग्वाल्हेर गायकी ही बंदिशीला केंद्रस्थानी मानणारी. स्थायी आणि अंतरा नीटसपणे मांडला की रागाचे रूप निम्मे उभे राहते, असा या गायकीचा विश्वास. आलाप, बोलआलाप, बोलतान, तान, लयकारी ही अंगे त्या बंदिशीच्या भोवती क्रमाने येतात. बापूरावांनी हा क्रम तबकडीवरही मोडला नाही, प्रत्येक अंगाला फक्त त्याच्या वाट्याची सेकंदे दिली. त्यामुळे त्यांचे छोटे मुद्रण हे मोठ्या ख्यालाचा तुकडा वाटत नाही. ती लहान आकाराची, पण पूर्ण मैफल असते.

त्यांच्या ध्वनिमुद्रणांतील श्री राग याचे उत्तम उदाहरण आहे. सूर्यास्ताच्या वेळचा हा राग गंभीर, काहीसा गूढ. कोमल ऋषभावरून पंचमाकडे जाणारी त्याची संगती हे या रागाचे प्राणतत्त्व. वेळ थोडा म्हणून बापूराव त्या ऋषभावर घाई करीत नाहीत. तेथे स्वर स्थिर होतो, मग पंचमाकडे झेप घेतो आणि रागाचे सारे गांभीर्य क्षणार्धात खोलीत पसरते. त्यांचा गौडसारंग ऐकावा तर तो दुपारच्या उन्हासारखा लख्ख. वक्र चालीचा हा राग गाताना गळा अडखळण्याची शक्यता असते. बापूरावांच्या गळ्यात ती वळणे इतक्या सहजतेने येतात की रागाची अवघडता श्रोत्याच्या लक्षातही येत नाही. तिलककामोदातील लाडिकपणा, हमीरमधील आवेश यांतही हीच वृत्ती आहे. सौंदर्य दाखवायचे, कष्ट दाखवायचे नाहीत.

रुपेरी पडद्यामागचा आवाज

१९५२ मध्ये विजय भट्ट दिग्दर्शित 'बैजू बावरा' हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि बापूरावांचा आवाज संगीतसभांना कधी न जाणाऱ्या लाखो लोकांपर्यंत पोहोचला. संगीतकार नौशाद यांनी तानसेन आणि बैजू यांच्या सामन्यासाठी देसी रागातील जुगलबंदी योजली. तानसेनाचा आवाज होता उस्ताद अमीर खाँ यांचा, बैजूचा आवाज डी. व्ही. पलुस्कर यांचा. कथेनुसार या सामन्यात बैजूच्या स्वरांनी दगड पाझरतो आणि तानसेन हरतो.

वास्तवात दोन्ही गायक आपापल्या ठिकाणी थोर होते. अमीर खाँ वयाने व मानाने ज्येष्ठ, अतिविलंबित लयीत रागाच्या तळाशी जाणारे. त्यांच्या घनगंभीर स्वरासमोर बापूरावांचा निर्मळ, वर झेपावणारा स्वर येतो, तेव्हा दोन स्वभावांचा संवाद ऐकू येतो. पडद्यावरचा जय-पराजय कथेपुरता. ऐकणाऱ्याला दोघांच्याही पदरात दान टाकावेसे वाटते. याच वर्षी केंद्रीय नभोवाणी खात्याची सूत्रे बी. व्ही. केसकर यांच्याकडे आली आणि आकाशवाणीवर चित्रपटगीतांना आळा घालून शास्त्रीय संगीताला प्राधान्य देण्याचे धोरण सुरू झाले. शास्त्रीय आणि चित्रपट संगीत यांच्यात सरकारी पातळीवर भिंत उभी राहत असताना बापूराव दोन्ही बाजूंना सारख्याच शुद्धतेने गात होते. यानंतर 'शापमोचन' या १९५५ च्या बंगाली चित्रपटासाठी त्यांनी आवाज दिला. चित्रपटांशी त्यांचा संबंध एवढाच. त्या मायानगरीत स्थिरावण्याचा मोह त्यांना झाला नाही.

भजनाची सावली

बापूरावांची खरी लोकप्रियता भजनांची. तुलसीदासांच्या बालरामाचे रांगते रूप, मीरेची उत्कटता, वडिलांच्या परंपरेतील रामधून यांना त्यांनी दिलेला स्वर आजही सकाळच्या वेळी कित्येक घरांत घुमतो. रागाची शुद्धता राखून, शब्दाला धक्का न लावता, तानबाजीचे प्रदर्शन टाळून भजन कसे गावे याचा आदर्श त्यांनी घालून दिला. पंचवटीतील आश्रमात बालपणी मनावर कोरला गेलेला रामनामाचा संस्कार येथे फळाला आला.

परंतु या यशाने एक सावलीही टाकली. भजने लोकांच्या ओठी बसली आणि ख्याल जाणकारांच्या वर्तुळापुरते उरले. गोड गळ्याचा भजनगायक ही ओळख इतकी घट्ट झाली की त्या गोडव्यामागची कठोर तालीम नजरेआड गेली. मधुर आवाजाच्या गायकाला गाण्यातला विचार कमी असावा, असा एक अन्यायकारक समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. खर्जातील गांभीर्य आणि झुंजार लयकारी यांनाच विद्वत्तेचे लक्षण मानले जाते. बापूरावांना या समजाची झळ मरणोत्तरही बसली. त्यांचा ख्याल ऐकण्याआधीच त्याविषयी मत बनवले गेले.

भजन आणि ख्याल या दोन गोष्टी बापूरावांच्या गाण्यात निराळ्या नव्हत्याच. ख्यालातील शब्दोच्चाराचा नेटकेपणा भजनात आहे आणि भजनातील आर्जव ख्यालात. एकाच कलावंताच्या या दोन बाजू वेगळ्या केल्या त्या श्रोत्यांच्या आवडीने आणि बाजाराच्या गणिताने.

अपुरी राहिलेली बंदिश

१९५५ हे वर्ष बापूरावांच्या आयुष्यातील कळसाचे आणि शेवटचेही. भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळाचे सदस्य म्हणून त्यांनी चीनचा दौरा केला. स्वतंत्र भारताने आपली कला जगापुढे मांडण्यासाठी निवडलेल्या कलावंतांत चौतीस वर्षांच्या या गायकाचा समावेश होता. मायदेशी परतल्यावर काही काळातच त्यांना मेंदूज्वराने गाठले. ऑक्टोबर महिन्यात, दसऱ्याच्या सुमारास, त्यांची प्राणज्योत मालवली. मागे कोवळे कुटुंब आणि सुन्न झालेले संगीतविश्व राहिले. ख्यालगायकाची चाळिशी ही खऱ्या प्रगल्भतेची सुरुवात मानली जाते. त्या उंबरठ्यापर्यंत ते पोहोचूच शकले नाहीत.

काळाचा क्रूर खेळ असा की, याच १९५५ मध्ये उस्ताद अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाची दीर्घ ध्वनिमुद्रिका अमेरिकेत निघाली. एका बाजूवर वीसएक मिनिटे सलग राग वाजू शकेल, असे नवे तंत्र भारतीय संगीताच्या दारात आले होते. पुढील काही वर्षांत ते भारतातही रुळले. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व यांच्या पिढीला त्याचा लाभ झाला. बापूरावांचे व्यावसायिक मुद्रण मात्र साडेतीन मिनिटांच्या चौकटीतच थांबले. त्यांच्या नावाने पुढे निघालेल्या दीर्घ ध्वनिमुद्रिका, कॅसेट आणि सीडी ही सारी त्यांच्या पश्चात झालेली संकलने आहेत.

दुसरी बाजू ऐकताना

आकाशवाणीसाठी झालेली मुद्रणे आणि मैफलींच्या खासगी फिती हळूहळू रसिकांसमोर आल्या, तेव्हा बापूरावांचे चित्र पालटू लागले. या दीर्घ मुद्रणांत घड्याळाचा धाक नाही. विलंबित ख्यालात ते शांतपणे बढत करतात, एखाद्या स्वरावर रेंगाळतात, सम चुकवण्याचा आभास निर्माण करून अलगद तीवर उतरतात. तबलजीशी होणारी नजरानजर जणू कानांना ऐकू येते. तबकडीवर चार-दोन आवर्तनांत सांगितलेली गोष्ट येथे ते विस्ताराने सांगतात आणि गोष्ट तीच आहे, हेही ध्यानात येते. तबकडीवरचे गाणे हे संक्षेप होते आणि तो संक्षेप किती प्रामाणिक होता, याची साक्ष या फिती देतात.

जुन्या मुद्रणांचे पुनर्ध्वनिमुद्रण करताना अनेक प्रमाद घडतात, याचेही भान श्रोत्याने ठेवायला हवे. तबकडी मूळ गतीपेक्षा ६ टक्के अधिक वेगाने फिरली तरी गायकाची पट्टी अर्ध्या स्वराने चढते आणि गळा नैसर्गिकापेक्षा बारीक वाटू लागतो. खरखर घालवण्याच्या नादात आवाजाचे तेजही पुसले जाते. बापूरावांसारख्या उंच आणि तलम आवाजाच्या गायकाचे यात अधिक नुकसान होते. म्हणूनच थोडी खरखर असलेली, पण योग्य गतीत उतरवलेली प्रत ही गुळगुळीत केलेल्या प्रतीपेक्षा मोलाची असते.

नाशिकने पलुस्कर हे नाव विसरलेले नाही. पंचवटीत इंद्रकुंड परिसरातील सभागृहाला हे नाव दिलेले आहे. २०२१ मध्ये बापूरावांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. पिता-पुत्रांपैकी वडिलांचे कार्य संस्थांच्या रूपाने उभे आहे. परीक्षेला बसणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांच्या प्रमाणपत्रांत ते दरवर्षी नव्याने जिवंत होते. पुत्राचे कार्य असे दगडविटांत किंवा कागदांवर सापडत नाही. ते आहे ते केवळ स्वरांत, आणि ते स्वर कोणीतरी ऐकले तरच शिल्लक राहणार आहेत.

आता फोनोला चावी द्यावी लागत नाही, सुई बदलावी लागत नाही. बापूरावांचे भजन संपल्यावर त्यांचा श्री, त्यांचा गौडसारंग लावायला क्षणभराचा अवधी पुरेसा आहे. भजनाने ज्यांना त्यांच्या गाण्याच्या दारापर्यंत आणले, त्यांनी ख्यालाच्या दालनात पाऊल टाकावे. चौतीस वर्षांच्या आयुष्यात या नाशिककर गायकाने काय मिळवले होते आणि महाराष्ट्राने काय गमावले, याचे उत्तर तेथे आहे.